दोन्ही खांदे अठरा

२५ नोव्हेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोनवर मला हल्ली निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने लावते. परवा मधल्या भावाशी असंच बोलले आणि त्याची बायको तापाने फणफणलीय असं गल्लीभर सांगून आले. ती बिचारी ठणठणीत! चाळीस वर्षं शिलाईमशीनच्या खडखडाटात बसल्यावर कान तरी किती साथ देणार? म्हणून पत्र.

तर, सुट्टीचं ठरलं. अठ्ठावीस डिसेंबरला सगळ्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे जमायचं. एकोणतीसला सकाळी अकराला फोटोवाला येईल. कापड आणलंय, करड्या-निळ्या चौकटीचा अख्खा तागा. आईने तो मांडीवर घेतला, बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाली, "या वेळी सगळे हवेत गं. ऐंशी झाली मला." त्यामुळे ढब्बूला सांग, लिफ्ट कुठल्याही मजल्यावर अडकू दे, माझ्या भावाने सुट्टी घ्यायचीच.

नियम तुला पाठ आहेत, तरी लिहिते. माप नाही तर कपडा नाही, कपडा नाही तर फोटोत जागा नाही. गेल्या वर्षीचंच माप उतरवून पाठवायचं नाही. मधल्याच्या बायकोने एकदा तसं केलं होतं, फोटोत तिला श्वास घेता येत नव्हता. आणि या वर्षी एक नवीन. कमरेच्या पट्ट्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत मोजायचं, डावं वेगळं, उजवं वेगळं. ढब्बूचा उजवा खांदा अवजारांची पिशवी वाहून वाहून उतरलाय. मी आजवर नजरेने सांभाळून घेतलं, पण गेल्या फोटोत त्याची कॉलर घसरलेली दिसते. मला झोप येत नाही अशा गोष्टींनी.

माझ्या मुंगीला पापा. दहा तारखेच्या आत मापं हवीत.

तुझी ताई

—

५ डिसेंबर

ताई, तुम्हांला नमस्कार, आणि तुमच्या मशीनलाही.

सोबत तिघांची मापं. तुम्ही सांगितलं तसं डावं-उजवं वेगळं मोजलंय. मुंगी टेप धरून देत होती आणि मला म्हणत होती, "आई, सरळ उभी राहा, तू वर्गात मुलांना सांगतेस तशी." बारा वर्षांची झाली, जीभही बरोबरीने वाढतेय.

हे कामात बुडालेत. वर्षअखेरीला सगळ्या इमारतींच्या लिफ्टची तपासणी असते, तुम्हांला माहीतच आहे. पण अठ्ठावीसला नक्की येऊ. अगदी शेवटच्या घटकेला एखादी लिफ्ट अडकली, तर मी आणि मुंगी पुढे निघू, हे मागून येतील. तेवढं आईंच्या कानावर घालून ठेवा.

शाळेत चाचणीचे पेपर तपासतेय. एकाने त्रिकोणाला चार बाजू काढल्यात. मी अर्धा गुण दिला, निदान प्रयत्न केला म्हणून.

तुमची मास्तरीण

—

७ डिसेंबर

ताई,

आश्चर्य वाटलं ना, मी आणि पत्र! आई कशी आहे? आम्ही तिघं मजेत. अठ्ठावीसला येतोय. बायको पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालीय, मापं पाठवायला विसरेल, म्हणून म्हटलं आपणच पाठवावीत. तिघांचीही लिहिलीयत. डाव्या-उजव्याचा तुझा नवा नियम मधल्याने फोनवर सांगितला होता.

मुंगीच्या शाळेचं काहीतरी मध्येच निघालं, तर मला एकट्याला यावं लागेल, पण बघू. फोटोवाला तोच ना, "हसा" म्हणून स्वतःच हसणारा? मला या वर्षी यायचंच आहे, ताई. काही झालं तरी.

तुझा ढब्बू

—

११ डिसेंबर

मास्तरीणबाई,

हातातली कात्री खाली ठेवून लिहितेय. हे असं माझ्या हातून फार क्वचित होतं.

माझ्या टेबलावर एकाच भावाची दोन मापं पडलीयत. एक तू पाठवलेलं, एक त्याने. त्याच्या पाकिटावरचा शिक्का तुमच्या गावाचाच नाही, आणि आत लिहितो, मुंगीच्या शाळेचं काही निघालं तर एकटा येईन. हे काय चाललंय? आधी मला वाटलं, तपासणीला परगावी गेला असेल, तिथून टाकलं असेल. मग मापं वाचली.

त्याचं स्वतःचं माप बरोबर आहे. डावा साडेसतरा, उजवा पावणेसतरा, हा माझा ढब्बू. पण त्याने मुंगीचं लिहिलंय ते माझ्या वहीतलं गेल्या वर्षीचं, जसंच्या तसं! बारा वर्षांची पोर वर्षभरात सुतभरही वाढली नाही? तुझ्या कागदावर तिचा फ्रॉक तीन इंचांनी लांब आहे. एकाच घरात राहून बापाला पोर ठेंगणी दिसते आणि आईला उंच?

आता तुझा कागद. ढब्बूचा डावा खांदा अठरा, उजवा खांदा अठरा. मी तो आकडा चष्मा पुसून पुसून वाचला. अगं, चाळीस वर्षं मी माणसं मोजतेय. वकील मोजले, पहिलवान मोजले, कवायतीचे शिक्षक मोजले. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मला अजून भेटायचाय. प्रत्येकाचा एक तरी उतरलेला असतोच. इतका सरळ माणूस जगात नाही, आणि माझा भाऊ तर नाहीच नाही.

आडपडदा न ठेवता विचारते. हा कोण आहे? तुझ्या घरात कुणा दुसऱ्याच माणसाला टेप लावलीस का? मनात आलं ते आलं. आईला अजून काही बोलले नाही. ती रोज विचारते, ढब्बूचा शर्ट बेतलास का, आणि मी रोज म्हणते, उद्या.

खरं काय ते लिही. मला खोटं पचत नाही, तुला ठाऊक आहे.

ताई

—

१४ डिसेंबर

ताई,

तुमचं पत्र शिक्षकखोलीत वाचलं आणि तिथल्या बाकावर बसूनच राहिले. घंटा झाली ती कळली नाही. वर्गातली दोन मुलं मला शोधत आली.

दुसरा माणूस! ताई, तुम्ही हे लिहू शकलात?

हो, माणूस दुसराच आहे. तो प्लास्टिकचा आहे. आमच्या बसथांब्यासमोर तयार कपड्यांचं दुकान आहे, त्याच्या काचेत उभा असतो. मी आत गेले, विक्रेत्याला म्हटलं, "भावासाठी शर्ट घ्यायचाय, अंगलट तुमच्या पुतळ्यासारखीच आहे, जरा मोजू का?" आणि भर दुपारी, पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर, त्या पुतळ्याला टेप लावली. कंबर त्याची तीस निघाली. तेवढी मी माझ्या आठवणीने अडतीस केली. खांद्यांचं काय करायचं ते सुचलं नाही. गणित शिकवणारी बाई मी, आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या म्हणून मला उलट बरंच वाटलं!

घरी मोजायला माणूसच नाही, ताई. हे जानेवारीत गेले. गेल्या सुट्टीत तुमच्याकडून परतलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात. दुसरी कुणी नाही. असती तर कशावर रागवायचं ते तरी कळलं असतं. भांडण नाही, व्यसन नाही. एका सकाळी चहाचा कप धुऊन ठेवला आणि म्हणाले, "माझा इथे जीव घुसमटतोय." कपडे भरले, एक शर्टही मागे ठेवला नाही, आणि कंपनीकडून दुसऱ्या गावाला बदली मागून घेतली. मुंगीला महिन्यातून एकदा फोन करतात. भेटायला आले नाहीत. अकरा महिने.

मग तुमचं पत्र आलं. माप नाही तर कपडा नाही, कपडा नाही तर जागा नाही. तुम्ही गमतीने लिहिता, मला माहीत आहे. पण माझे आईवडील राहिले नाहीत, भावंड नाही, हे तुम्हांला माहीत आहे. मुंगीला आत्या, आजी, काका म्हणायला जी माणसं आहेत ती सगळी तुमच्या त्या एका फोटोत आहेत. मला वाटलं, ह्यांचं माप पाठवलं नाही तर तुम्ही विचाराल. विचारलंत तर सांगावं लागेल. आणि सांगितलं की मी तुमची कोण? म्हणून ठरवलं, अठ्ठावीसला आम्ही दोघी येऊ, म्हणू की लिफ्ट अडकली. फोटो काढून होईल, एक वर्ष ढकललं जाईल.

आणि हे तिकडून लिहितात की मुंगीच्या शाळेचं निघालं तर एकटा येईन! म्हणजे तुमच्या दारात आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो असतो आणि एकमेकांची कारणं सांगितली असती. हसावं की कपाळ बडवावं?

आमचे कपडे बेतू नका. आम्ही येत नाही. आईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

—मास्तरीण

—

१६ डिसेंबर

ढब्बू,

वर नुसतं नाव लिहिलंय, कारण 'प्रिय' लिहावंसं वाटत नाही.

मला सगळं कळलं, म्हणून हे तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय. तुझ्या बायकोने चुगली केली नाही, तुझ्याच कागदाने केली. अरे शहाण्या, पोर वाढते! झाडं वाढतात, नखं वाढतात, पोर वाढते. तू गेल्या वर्षीचा आकडा उतरवलास आणि तुला एकदाही वाटलं नाही की मध्ये एक अख्खं वर्ष गेलंय? रागाने जेवढं बधिर व्हायचं तेवढी मी झालेच, पण ढब्बू, त्या आकड्याने मला रडवलं. तुझं लग्न मोडतं की राहतं ते तुम्ही दोघं बघा. घुसमट होते माणसाची, मी नाही म्हणत नाही. पण पोरीच्या उंचीने तुझी काय घुसमट केली?

आता ऐक. तुला आईच्या ऐंशीच्या फोटोत उभं राहायचंय ना? मग मुंगीचं माप तू घ्यायचं. स्वतः, स्वतःच्या हाताने, तिच्यासमोर उभं राहून. वहीतून नाही, फोनवरून नाही. ते माप आल्याशिवाय मी तुझ्या कापडाला कात्री लावणार नाही. आणि तोंड वर करून घरात शिरू नकोस, दारात उभा राहा. आत घ्यायचं की नाही, ते जिचं घर आहे ती ठरवेल.

ताई

—

२१ डिसेंबर

ताई,

तुम्ही मला न विचारता ह्यांना लिहिलंत. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेय, हे आधी लिहून मोकळी होते.

काल दुपारी बेल वाजली. मुंगीने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली, म्हणून मी स्वयंपाकघरातून आले. दारात हे. ह्यांच्या हातात नवीकोरी टेप होती, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. म्हणाले, "ताईने सांगितलंय. मुंगीचं माप घ्यायचंय." अकरा महिन्यांनी आलेला माणूस, आणि बोलला काय तर हे!

मुंगी आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण ती चपला काढून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून ताठ उभी राहिली. ह्यांनी खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत टेप सोडली. आकडा वाचला. खिशातून तुमच्या मापांचा जुना कागद काढून बघितला. पुन्हा मोजलं. म्हणाले, "काहीतरी चुकतंय."

मुंगी म्हणाली, "चुकत नाहीये, बाबा. मी वाढले."

हे तिथेच, चपलांच्या फळीवर बसले, आणि रडले. मोठ्याने रडले. शेजारच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या. मी कधी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग मुंगीने त्यांच्या हातातली टेप घेतली आणि म्हणाली, "आता तुमचं. उभे राहा." तिने मोजलं, मी लिहिलं. उजवा खांदा साडेसोळा. पाव इंच आणखी उतरलाय, ताई.

त्यांनी विचारलं, जेवायला थांबू का. मी नाही म्हटलं. पाणी दिलं. 'परत या' म्हटलं नाही, आणि त्यांनीही 'येतो' म्हटलं नाही. दर रविवारी मुंगीला भेटायला येईन म्हणाले. बघू किती रविवार टिकतंय.

तिन्ही मापं सोबत आहेत, आणि या वेळी सगळी जिवंत माणसांची आहेत. मुंगीचं तिच्या बापाच्या अक्षरात आहे.

पिशवी भरावी की नाही ते कळत नाही. मुंगीने तिची भरून ठेवलीय. हे तर तुमचे भाऊच आहेत, मुंगी तुमची भाची. मी कुठल्या नात्याने येऊ, तेवढं फक्त लिहा.

तुमची
(काय लिहू?)

—

२३ डिसेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र मधल्याच्या हाती पाठवतेय, तो तुमच्या गावावरून जाणार आहे. पोस्टाची वाट बघायला आता वेळ नाही.

आधी माफी मागते. त्या 'दुसऱ्या माणसा'बद्दल. माझी जीभ कात्रीपेक्षा वाईट आहे, कात्री निदान खूण करून कापते. तुला न विचारता ढब्बूला लिहिलं त्याची मात्र माफी मागत नाही. रागव हवं तर, इथे येऊन रागव.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, ऐंशीच्या बाईला हा धक्का कसा झेपेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुंगी किती वाढली?" मी म्हटलं, तीन इंच. म्हणाली, "मग तिला माझ्यापुढे बसवू नको, मी झाकली जाईन. शेजारी उभी कर. दुसऱ्या बाजूला तिच्या आईला." मी विचारलं, "आणि ढब्बू?" तर म्हणते कशी, "त्याला पार टोकाला उभा कर. पुढेमागे फोटो कापायचा झाला तर सोपं जाईल." अगं, माझ्या हातातून सुईच पडली! जिने त्याला तेरा वर्षांचा होईपर्यंत भरवलं, ती ही बाई! धक्का तिला बसेल म्हणून मी घाबरत होते, बसला मला.

आता तुझं नातं. माझी वही काढून बघितली. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मी तुझ्यासाठी नवीन पान घातलं होतं. ढब्बूच्या पानावर खाली जागा होती, तिथे लिहिता आलं असतं, पण मी वेगळं पान घातलं. का घातलं ते आज आठवत नाही. कागदाची उधळपट्टी म्हणून तेव्हा आईची बोलणीही खाल्ली होती. चौदा वर्षांची मापं आहेत त्या पानावर. मुंगीच्या वेळची आहेत, तुझी आई गेली त्या वर्षी तू कशी वाळली होतीस तीही आहेत. ढब्बू राहो, जावो, ते पान फाडलं जायचं नाही. म्हणून 'काय लिहू' वगैरे मला लिहीत जाऊ नकोस, डोकं फिरतं माझं.

अठ्ठावीसला सकाळच्या गाडीने या. स्टेशनवर मी स्वतः येतेय. तुझा कुर्ता झालाय, मुंगीचा फ्रॉक झालाय, तिच्या फ्रॉकला खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलंय. पुढच्या वर्षी लागेल.

ढब्बूचा शर्टही काल शिवून झाला. त्याचं खरं माप समोर होतं, साडेसतरा आणि साडेसोळा. पण ते बाजूला ठेवलं आणि तुझा पहिला कागद काढला. डावा अठरा, उजवा अठरा. त्यावरच बेतला. चाळीस वर्षांत अंगाला न बसणारा कपडा मी मुद्दाम कधी शिवला नव्हता, हा पहिला. उजवीकडे चांगला लोंबणार आहे, आणि फोटोत जन्मभर लोंबत राहणार आहे. त्याने विचारलंच, ताई, हे माप कुणाचं, तर मी सांगणार आहे, तू घरात नव्हतास तेव्हा तुझ्या बायकोला तुझ्या जागी दुकानाच्या काचेतला हाच सापडला.

तुझी ताई